फुली भिंगावर नसते

गेल्या आठवड्यात पेपरात एक फोटो आला होता. जिप्सीच्या बोनेटवर कोपर टेकवून वनखात्याचा माणूस डार्ट गनच्या (बेशुद्धीचं औषध मारायच्या बंदुकीच्या) दुर्बिणीला डोळा लावून उभा आहे, आणि खाली ओळ: 'भिंगावर कोरलेल्या फुलीने अचूक नेम'. नागपूरकरांना असे फोटो नवे नाहीत. पेंच, उमरेड-कऱ्हांडला, ताडोबा सगळं आमच्या आजूबाजूलाच. वाघ शिवारात शिरला की त्याला बेशुद्ध करून हलवण्याच्या बातम्या इथे येतच असतात. मला खटकली ती फोटोखालची ओळ. फुली, म्हणजे नेम धरायच्या आडव्या-उभ्या रेघा, भिंगावर नसते. भिंगावर असती तर ती दिसलीच नसती.

खात्री करायची असेल तर घरातली कुठलीही दुर्बीण घ्या, पुढच्या मोठ्या भिंगावर डोक्यातला एक केस आडवा चिकटवा आणि दूरचं झाड बघा. केस नाहीसा होतो. झाडाच्या एकेका पानाकडून येणारे किरण भिंगभर पसरून आत शिरतात. केस त्यातले थोडे अडवतो, बाकीचे पान रंगवायला पुरेसे असतात.

मग फुली असते कुठे? मला प्रकाशशास्त्रातली सगळ्यात आवडणारी गोष्ट इथेच आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

दहावीच्या पुस्तकातली दूरदर्शी आठवा. पुढे पदार्थीय भिंग, मागे नेत्रिका. पदार्थीय भिंग दूरच्या वस्तूची उलटी, वास्तव प्रतिमा आपल्या नाभीपाशी तयार करतं. वास्तव म्हणजे कागद धरला तर त्यावर उमटणारी. मी मुलांना हे खिडकीत करून दाखवतो. एका हातात मोठं भिंग, त्यामागे साधारण वीतभर अंतरावर ट्रेसिंग पेपर. कागद पुढेमागे केला की एका जागी समोरच्या गच्चीवरची काळी पाण्याची टाकी उलटी, नखाएवढी, अगदी रेखीव उमटते. आता कागदामागून एका छोट्या भिंगातून त्या टाकीकडे बघायचं. आणि मग दुसऱ्या कोणाला तरी कागद हळूच काढून घ्यायला सांगायचं.

टाकी जात नाही. उलट आणखी उजळ होते. कागद नसतानाही ती प्रतिमा तिथे हवेत असतेच. किरण त्या जागी एकत्र येऊन पुढे निघालेले असतात आणि छोटं भिंग त्यांना तिथूनच उचलतं. आता नेमका कागद होता त्या जागी एक केस ताणून धरा. केस आणि टाकी एकदम, सारख्याच स्पष्ट दिसतात. पन्नास मीटरवरची टाकी आणि वीतभर अंतरावरचा केस डोळ्याच्या दृष्टीने एकाच पातळीत आलेले असतात. केस दोन सेंटीमीटर पुढे सरकवला की तो पुसट होतो आणि मान हलवली की टाकीवरून इकडेतिकडे घसरतो.

नेम धरायची दुर्बीण या एवढ्याच गोष्टीवर चालते. नेमाची फुली, म्हणजे रेटिकल, प्रतिमेच्या पातळीत बसवलेली असते. आज ती बहुधा सपाट काचेच्या चकतीवर कोरतात किंवा बारीक तारेची करतात, पण ती चकती नळीच्या पोटात असते, भिंगांच्या मध्ये.

हे पहिल्यांदा लक्षात आलं ते एका कोळ्यामुळे. इंग्लंडमधल्या विल्यम गॅस्कॉइन या तरुण खगोलप्रेमीच्या दुर्बिणीत १६४०च्या सुमारास कोळ्याने धागा ओढला, आणि तो नेमका नाभीच्या जागी आला. आकाश बघताना त्याला धागा लख्ख दिसला. त्यावरून त्याने दुर्बिणीतून कोन मोजायची साधनं तयार केली. १६४४च्या मार्स्टन मूरच्या लढाईत तो मारला गेला. कोळ्याचा धागा मात्र पुढे विसाव्या शतकापर्यंत मोजणीच्या यंत्रांत टिकून राहिला, कारण काही मायक्रोमीटर जाडीचा, एकसारखा आणि ताणला तरी न तुटणारा दुसरा धागा सहज मिळत नव्हता. भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारा विल्यम लॅम्बटन अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं दुर्बिणीचं यंत्र, घेऊन दक्षिणेकडून वर सरकत आला, तोही अशाच फुलीतून बघत. २० जानेवारी १८२३ रोजी तो आमच्या शेजारच्या हिंगणघाटला वारला. नागपुरातल्या झिरो माइलच्या खांबाजवळून, मोजणीच्या या खुणेजवळून जाताना मला त्या फुलीची आठवण होते.

आता बंदुकीवरच्या दुर्बिणीकडे. उलटी प्रतिमा शिकाऱ्याच्या कामाची नाही, म्हणून नळीत आणखी भिंगं घालून ती सुलटी करतात. सुलटी करताना प्रतिमा दुसऱ्यांदा तयार होते. म्हणजे फुली बसवायला दोन जागा झाल्या: सुलटी करणाऱ्या भिंगांच्या पुढे किंवा मागे. दुर्बिणीचं वर्धन बदलतं तेही याच भिंगांच्या हालचालीने. फुली पुढे असेल तर प्रतिमेबरोबर तीही मोठी-लहान होते. मागे असेल तर वर्धन कितीही केलं तरी ती तेवढीच राहते. दुकानात याला फर्स्ट फोकल प्लेन आणि सेकंड फोकल प्लेन म्हणतात.

फरक आकड्यांत बघू. फुलीवर बारीक खुणा असतात, एकेका मिलिरेडियनच्या अंतराने. एक मिलिरेडियन, तोंडी भाषेत मिल, म्हणजे १००० मीटरवर १ मीटर, १०० मीटरवर १० सेंटीमीटर. खांद्यापाशी १ मीटर उंच जनावर पाच खुणांत मावलं तर ते २०० मीटरवर आहे. फुली पुढच्या पातळीत असेल तर हा हिशेब कुठल्याही वर्धनाला खरा. मागच्या पातळीत असेल तर तो एकाच वर्धनाला खरा, बहुधा सर्वात मोठ्या. १२ पटीला जुळवलेली खूण ६ पटीला दुप्पट अंतर झाकते. तेच जनावर आता अडीच खुणांत मावतं आणि घाईतला माणूस २०० मीटरला ४०० समजतो. ४०० मीटरच्या हिशेबाने उडवलेली गोळी पाठीवरून निघून जाते.

मग सगळ्यांनी पुढच्या पातळीची फुली का घेऊ नये? कारण कमी वर्धनाला ती बारीक होते, आणि अंधुक उजेडात बारीक रेघ दिसत नाही. दिवसा आपण डोळ्यातल्या शंकूपेशींनी बघतो. दिवेलागणीला त्या थकतात आणि दंडपेशी काम हातात घेतात. त्यांना उजेड कळतो, बारकावा कळत नाही. काळपट जनावरावर काळी पातळ रेघ विरघळून जाते.

म्हणून कुठली फुली घ्यायची हे शिकार कशी आहे यावर ठरतं. इथे स्पष्ट सांगतो, हे सगळं बाहेरच्या देशांबद्दल आहे. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेची शिकार हा गुन्हा आहे, आणि तो तसाच राहावा असं मला मनापासून वाटतं. जर्मनीत रानडुकरासाठी मचाणावर संध्याकाळपासून बसतात. तिथे ८ पट वर्धन आणि ५६ मिलिमीटरचं भिंग. ५६ भागिले ८, म्हणजे डोळ्यापाशी ७ मिलिमीटरचा प्रकाशझोत, अंधारात तरुण माणसाच्या बाहुलीएवढा. त्यात जुन्या जर्मन वळणाची चार नंबरची फुली: डावी, उजवी आणि खालून जाड दांडा, वरची बाजू मोकळी, मध्यावर बारीक रेघा. मधलं काही दिसेनासं झालं तरी तीन दांड्यांमधली जागा डोळ्याला आपोआप कळते. अमेरिकेतल्या दाट रानात हरणासाठी ड्युप्लेक्स चालते, बाहेर जाड आणि मध्ये पातळ; ल्युपोल्ड कंपनीने ती १९६२ मध्ये आणली. खुणा नाहीत, हिशेब नाही, शंभर-दीडशे मीटरला तो लागतही नाही. युरोपात हाका करून डुकरं उठवतात, तिथे वर्धन १ पट, दोन्ही डोळे उघडे आणि मध्ये एक लाल ठिपका. धावत्या जनावरापुढे रेघा मोजायला कोणाला सवड? खुणांची फुली खरी कामाला येते ती उघड्या डोंगरावर, आल्प्समधल्या शॅमॉईसारख्या जनावरामागे, जिथे तीनशे मीटरच्या आत जाताच येत नाही आणि बसून मोजायला वेळ असतो.

सशासारख्या लहान जनावराला बारीक फुली हवी, आणि तिथे मघाचा घसरणारा केस परत भेटतो. नळीतली फुली एकाच अंतरासाठी प्रतिमेशी तंतोतंत जुळते. १०० मीटरला जुळवलेल्या, ४० मिलिमीटर भिंगाच्या दुर्बिणीतून २० मीटरवर बघताना डोळा कडेला गेला तर नेम १६ मिलिमीटरपर्यंत सरकतो. रानडुकराला त्याने काही फरक पडत नाही. सशाच्या डोक्याला पडतो. म्हणूनच लहान बंदुकांच्या दुर्बिणी जवळच्या अंतराला जुळवून विकतात.

रेघांचं जंगल असलेल्या फुल्यांची जाहिरात हल्ली मोबाइलवर सारखी दिसते, 'किलोमीटरभर अचूक' वगैरे. फुली गोळीला वळवत नाही. ती फक्त कोन दाखवते. अंतर आणि वारा माणसालाच कळावा लागतो. कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल नेमबाजीचं कांस्यपदक घेतलं ते दुर्बिणीशिवाय, कारण त्या स्पर्धेत बंदुकीवर ती लावताच येत नाही. मागे बारीक भोक, पुढे एक कडं, बास.

आणि विषय निघालाच आहे तर: आमच्या भागात वाघ चोरून मारला जातो तो बहुतेकदा नखं, मिशा आणि हाडांसाठी. नख गळ्यात घातलं की बळ येतं, मिशीने वशीकरण होतं असं सांगणारे अजून भेटतात. वाघाचं नख केराटिनचं असतं. आपण दर रविवारी कापून टाकतो ती नखंही केराटिनचीच, आणि खवल्या मांजराचे खवलेही. त्यात कसलीही शक्ती नाही. त्यापायी एक जिवंत जनावर जातं, याचा मला राग येतो.

आता त्या फोटोतल्या डार्ट गनकडे. डार्ट म्हणजे औषध भरलेली उडती सिरिंज. ती गोळीच्या वेगाने मारली तर वाघ मरेल, म्हणून दाबलेल्या वायूने हळू सोडतात. समजा सेकंदाला ६० मीटर. ३० मीटर जायला तिला अर्धा सेकंद लागतो, आणि तेवढ्यात गुरुत्वाकर्षणाने ती सव्वा मीटर खाली येते, वाघाच्या खांद्याच्या उंचीहून जास्त. सेकंदाला ८०० मीटर वेगाची रायफलची गोळी तेवढ्याच अंतरात ७ मिलिमीटर पडते. आता वाघ ३० मीटरवर आहे असं धरून नेम बसवला आणि तो निघाला ३५वर, तर डार्ट २४ सेंटीमीटर खाली जाईल. मांडीच्या जाड स्नायूऐवजी गुडघ्यावर किंवा मातीत. अंतर उलट बाजूने चुकलं, वायूचा दाब लांबच्या हिशेबाने ठेवला आणि वाघ जवळ निघाला, तर सिरिंज स्नायू फाडून हाडापर्यंत जाऊ शकते.

म्हणजे इथे फुली जितकी साधी तितकी बरी: कमी वर्धन, जाड दांडे, संध्याकाळी बांबूच्या सावलीतही दिसतील असे. वेळ घालवायचा तो अंतरावर. त्या फोटोत, कोपराच्या बाजूला बोनेटवर एक काळी डबी ठेवलेली दिसते, साबणाच्या वडीएवढी. फोटोखालच्या ओळीत तिचा उल्लेख नव्हता. तो लेझर रेंजफाइंडर आहे.