स्फटिक संपतो तिथे

सिलिकॉनचा स्फटिक कापला, तर कापलेल्या जागी अणू आतल्यासारखेच रांगेत बसलेले असतील, असं आपण धरून चालतो. तसं होत नाही. आत प्रत्येक अणूला चार शेजारी असतात आणि चौघांशी बंध. वरच्या अणूचा एखादा शेजारी नाहीसा झालेला असतो, त्याच्या वाट्याचा बंध मोकळा लोंबत राहतो. मोकळे बंध म्हणजे जादा ऊर्जा. ती कमी करण्यासाठी वरचे अणू जागा सोडून नवी घडी बसवतात.

स्फटिक एका ठरावीक दिशेनं कापला की सिलिकॉनचा (१११) नावाचा पृष्ठभाग मिळतो; त्यावरची घडी तर विलक्षणच. आतल्या रचनेच्या तुलनेत तिचा नमुना सात पट लांब आणि सात पट रुंद अंतरानं पुन्हा येतो. इलेक्ट्रॉनच्या विवर्तनातून, म्हणजे पृष्ठभागावर आदळून ते कुठल्या दिशांना विखुरतात त्यावरून, १९५९ मध्येच हे कळलं होतं. पण विवर्तनातून नमुना किती अंतरानं परत येतो ते समजतं, कुठला अणू कुठे बसलाय ते थेट दिसत नाही. त्यावरून पुढे दोन दशकं वाद चालले.

तो तिढा सुटू लागला एका सुईमुळे. १९८१ मध्ये झुरिचजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत गेर्ड बिनिग आणि हाइनरिश रोरर यांनी स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शक बनवला. धातूची अतिशय टोकदार सुई पृष्ठभागाच्या इतकी जवळ न्यायची की मधली पोकळी ओलांडून इलेक्ट्रॉन पलीकडे जाऊ लागतात. सुई ०.१ नॅनोमीटरनं, म्हणजे अणूच्या व्यासापेक्षाही कमी अंतरानं, दूर सरली की प्रवाह साधारण दहापट घटतो. प्रवाह कायम राखत सुई फिरवायची आणि ती कुठे किती वर-खाली झाली ते नोंदवायचं. १९८३ मध्ये त्यांनी याच सिलिकॉनचा नकाशा प्रसिद्ध केला: पुन्हा पुन्हा येणाऱ्या नमुन्याच्या प्रत्येक चौकटीत बारा उंचवटे आणि कोपऱ्यांत खोल खड्डे. १९८५ मध्ये जपानमध्ये ताकायानागी आणि सहकाऱ्यांनी पूर्ण रचना मांडली. एका चौकटीत ४९ असायला हवे होते ते मोकळे बंध नव्या घडीत १९ वर येतात!

या कामातली खरी मेहनत मला स्वच्छतेत दिसते. साध्या हवेत ताज्या पृष्ठभागावर रेणूंचा पूर्ण थर चढायला सेकंदाचा अब्जांश भाग पुरतो. म्हणून स्फटिकाचा तुकडा हवेच्या दाबापेक्षा लाख कोटी पटींहूनही कमी दाबाच्या निर्वातात ठेवतात आणि सिलिकॉन सुमारे १२०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून वरचा ऑक्साइड उडवतात. त्यानंतर काही तासच तो निर्मळ राहतो. मोजमाप तेवढ्यात उरकायचं.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी. त्या नकाशातले ठिपके म्हणजे अणूंचे फोटो नव्हेत. सुईला जाणवतात ते इलेक्ट्रॉन. सुई आणि पृष्ठभाग यांच्यातल्या विद्युतदाबाची दिशा उलटवली की त्याच जागेचं चित्र बदलतं: आधी लपलेले, एक पायरी खाली बसलेले अणू बारा उंचवट्यांच्या मधून डोकावू लागतात.