रिओहाच्या ग्लासाला कोकराची चरबी का लागते?

स्पेनच्या उत्तरेला, एब्रो नदीच्या खोऱ्यात, रिओहा हा द्राक्षबागांचा मुलूख आहे. तिथे हिवाळ्यात छाटणी झाली की काड्या फेकून देत नाहीत. त्यांच्या मोळ्या बांधून वाळवतात आणि त्यांच्याच निखाऱ्यांवर कोकराच्या कोवळ्या चापा भाजतात. काड्या भसकन पेटतात, पटकन बसतात आणि मागे सणसणीत धग राहते. चापेच्या कडेची चरबी निखाऱ्यावर टपटपते, धूर उठतो. वरून नुसतं जाडं मीठ, आणि सोबत त्याच वेलींची रेड वाइन. मसाला नाही, सॉस नाही, तरी ही जोडी एवढी जमते. याचं कारण बरंचसं आपल्या लाळेत आहे.

रेड वाइनचा रस आंबताना साली आणि बियांसकट आंबतो. त्यातून रंग उतरतो आणि टॅनिन हे तुरट द्रव्यही उतरतं. आपल्या लाळेत प्रोलिन या अमिनो आम्लाने समृद्ध अशी प्रथिनं असतात आणि लाळेचा बुळबुळीतपणा बराचसा त्यांच्यामुळे असतो. टॅनिन या प्रथिनांना धरून बसतं, त्यांचे गोळे होतात, तोंडातलं वंगण जातं आणि जीभ, हिरड्या खरखरीत लागू लागतात. कच्चं केळं किंवा सुपारी खाल्ल्यावर होतं ते हेच. आयुर्वेदाने तुरट हा सहा रसांपैकी एक मानला. शरीरशास्त्राच्या हिशेबात मात्र तो चवीपेक्षा स्पर्शाच्या जवळचा आहे.

हा तुरटपणा प्रत्येक घोटागणिक चढत जातो. चरबीचं उलटं असतं: ती तोंडावर तेलकट थर चढवते आणि चार घासांनंतर नकोशी होते. फिलाडेल्फियातल्या मोनेल केमिकल सेन्सेस सेंटरच्या संशोधकांनी २०१२ मध्ये ही दोन टोकं समोरासमोर आणली. लोकांना चरबीदार सलामी आणि तुरट पेय आलटूनपालटून दिलं, तेव्हा तेलकटपणा आणि कोरडेपणा दोन्ही आटोक्यात राहिले. घास, घोट, घास, घोट हा क्रम म्हणूनच महत्त्वाचा. आधी अख्खा ग्लास संपवून मग जेवायला बसलं, तर रेड वाइनचा अर्धा आनंद गेलाच म्हणा.

स्पेनमध्ये हा अनुभव प्रामुख्याने टेम्प्रानियो या द्राक्षातून येतो. रिओहातलं हे मुख्य वाण. दक्षिणेला, रिबेरा देल दुएरोच्या पठारावरही तेच द्राक्ष आहे, पण तिथल्या बागा समुद्रसपाटीपासून साधारण ७५० ते ९०० मीटरवर आहेत. दिवसा कडक ऊन, रात्री उन्हाळ्यातही गारवा. द्राक्ष पिकताना त्यातलं मॅलिक आम्ल श्वसनात जळत असतं आणि उष्णता जास्त असेल तर ते भराभर जळतं. थंड रात्री ही गळती रोखतात. शिवाय उंचीवरच्या प्रखर अतिनील किरणांमुळे सालीत रंगद्रव्यं जास्त तयार होतात. म्हणून रिबेराची वाइन गडद, भरीव आणि घट्ट टॅनिनची होते. तिथल्या आरांदा गावात लाकडाच्या भट्टीत दूधपित्या कोकराचा मोठा तुकडा पाणी आणि मिठावर भाजतात. कुरकुरीत कातडी, खाली मऊ, चरबीत मुरलेलं मांस. एवढ्या घट्ट टॅनिनला पुरून उरणारा याहून चांगला पदार्थ मला सुचत नाही.

रिओहाची दुसरी ओळख म्हणजे ओकची पिंपं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा या मुळं कुरतडणाऱ्या किडीने फ्रान्सच्या बागा झोपवल्या. तेव्हा तिथल्या बोर्दो भागातले व्यापारी वाइनच्या शोधात पिरेनीज पर्वत ओलांडून आले आणि २२५ लिटरच्या पिंपात वाइन मुरवण्याची त्यांची पद्धत इथे चांगलीच रुजली. पुढे रिओहाने मोठ्या प्रमाणात अमेरिकन ओक वापरला. त्यात लॅक्टोन नावाची संयुगं भरपूर असतात आणि त्यांचा वास नारळाकडे झुकतो. भाजलेल्या लाकडातून व्हॅनिलिन आणि धुरकट ग्वायाकोलही उतरतं. फळीतून अगदी थोडा ऑक्सिजन आत जात राहतो, रंगद्रव्यं आणि टॅनिन एकमेकांना जोडले जातात, जांभळी झाक विटकरी होते आणि टॅनिनची धार बोथटते.

रिओहाच्या बाटलीवर क्रियान्सा लिहिलं असेल तर ती रेड वाइन किमान दोन वर्षं मुरलेली असते आणि त्यातलं किमान एक वर्ष पिंपात गेलेलं असतं. रेसेर्वा तीन वर्षांची, ग्रान रेसेर्वा पाच. सुरुवात करणाऱ्याने क्रियान्साच घ्यावी असं मी आग्रहाने सांगेन. तिच्यात फळाचा ताजेपणा शिल्लक असतो आणि ओकही कळतो. तिच्यासोबत रिओहाचा बटाटा-चोरिसोचा रस्सा करून पाहा; चोरिसो म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज. बटाटा सुरीने पूर्ण कापायचा नाही. अर्धवट कापून मोडायचा, म्हणजे खडबडीत कडांमधून पिष्ट सुटतं आणि रस्सा दाटतो. चोरिसोत पिमेन्तोन म्हणजे स्पॅनिश मिरचीची पूड असते. स्पेनमधल्या ला वेरा भागातल्या पिमेन्तोनसाठी मिरच्या ओकच्या धुरावर वाळवतात. लाकडातलं लिग्निन तापून फुटलं की ग्वायाकोल तयार होतं, मग ते पिंपाच्या आत असो की मिरचीच्या धुराड्यात. पूड आणि पिंप नाकाला नात्यातले वाटतात ते त्यामुळे.

माशासोबत रेड वाइन बिघडते, त्याला टॅनिन हे एकच कारण नाही. जपानच्या मर्सियन कंपनीतल्या संशोधकांनी २००९ मध्ये शिंपल्यांसोबत अनेक वाइन चाखून दाखवलं, की वाइनमध्ये लोह जितकं जास्त, तितका मागे उरणारा उग्र मासळी वास जास्त. बांगड्यासोबत जपून, एवढंच म्हणतो.

आता आपल्या तिखटाचं. मिरची अमेरिकेतून स्पेनला आली आणि भारतात पोर्तुगीजांनी आणली, तेव्हा गोव्याचं चोरीस आणि स्पेनचा चोरिसो हे तसे भाऊबंदच. पण आपला हात मिरचीवर सढळ आहे. जिभेवरचं टीआरपीव्ही-१ हे ग्राहक प्रथिन एरवी साधारण ४२ अंश सेल्सिअसला ‘भाजतंय’ असा संदेश देतं. मिरचीतलं कॅप्सेसिन तेच चेतवतं, आणि मद्यार्क या प्रथिनाचा उंबरठा आणखी खाली आणतो. त्यामुळे तांबड्या रश्श्यासोबत स्पेनमधल्याच प्रिओरात भागातली १५ टक्के मद्यार्काची वाइन घेणं म्हणजे जाळात तेल ओतणं. त्याऐवजी बिएर्सो भागातली मेन्सिया द्राक्षाची किंवा पिंपात न मुरवलेली कोवळी गार्नाचा द्राक्षाची वाइन घ्यावी. टॅनिन कमी, फळ भरपूर. गार्नाचा घेताना लेबलवर मद्यार्काचा आकडा तेवढा पाहावा, कारण हे द्राक्षही साखर भरपूर साठवतं.

आणि तापमान सांभाळा. रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हा सल्ला युरोपातल्या थंड घरांसाठी होता. पुण्या-नागपुरात एप्रिलमध्ये बाटली आधी फ्रिजमध्ये ठेवावी आणि १६ ते १८ अंशांच्या आसपास प्यावी. गरम वाइनमधून मद्यार्काची वाफ आधी नाकात जाते आणि फळाचा वास त्याखाली दडपतो.

टेम्प्रानियो आता नाशिक जिल्ह्यात दिंडोरीकडेही लावलेलं आहे. स्पेनमध्ये ते रात्री गार होत जाताना पिकतं. इथे काढणी जानेवारी ते मार्चमध्ये, म्हणजे काढणी लांबली तर वाढत्या उन्हात. आम्ल टिकवायचं तर काढणीचा दिवस नेमका साधावा लागतो. त्या वाइनसोबत कोकराची चाप शोधायची गरज नाही. मिरची आवरती घेऊन केलेलं, चरबी सुटलेलं बोकडाचं सुकं मटण तेच काम करेल.