एमपी४ की एव्हीआय? कॅसेटी डिजिटल करताना आधी कंटेनर आणि कोडेक वेगळे करा

घरातल्या जुन्या व्हीएचएस कॅसेटी डिजिटल करायला निघालेला जवळजवळ प्रत्येक जण पहिल्यांदा हेच विचारतो: "एमपी४ करू की एव्हीआय?" पण दर्जाचा निर्णय या प्रश्नात नसतोच.

एमपी४, एव्हीआय, एमओव्ही, एमकेव्ही हे कंटेनर, म्हणजे लिफाफे. चित्र आणि आवाज एकत्र बांधायचे, त्यांचा ताळमेळ राखायचा, एवढंच त्यांचं काम. आतलं पत्र कोणत्या लिपीत लिहिलंय, किती काटछाट करून लिहिलंय, हे कोडेकवर अवलंबून. डीव्ही, एच.२६४, एफएफव्ही१ हे कोडेक. एकाच एव्हीआय लिफाफ्यात डीव्ही असेल तर तासाभराचं चित्रण साधारण १३ जीबी होतं. डिव्हएक्स हा कोडेक असेल तर तेच चित्रण एखाद्या जीबीतही कोंबता येतं. फाइलच्या नावाचं शेपूट मात्र दोन्हीकडे तेच.

गोंधळ वाढवतो तो 'कन्व्हर्ट' हा शब्द. लिफाफा बदलला तर चित्रातला एक बिंदूही बिघडत नाही. एच.२६४ सारख्या कोडेकमध्ये चित्र पुन्हा लिहिलं, तर दर वेळी थोडं कायमचं जातं. सॉफ्टवेअर दोन्हीला कन्व्हर्टच म्हणतं. तासाभराची फाइल काही सेकंदांत तयार झाली तर बहुधा फक्त लिफाफा बदललाय. बराच वेळ लागला तर चित्र नव्यानं लिहिलं गेलंय, असं समजा.

व्हीएचएसच्या बाबतीत हे फार जपायला हवं. टेपच्या चित्रात सतत बारीक खरखर असते आणि कमी बिटरेटच्या, म्हणजे दर सेकंदाला कमी डेटा वापरणाऱ्या, एच.२६४ ला ती झेपत नाही. चेहऱ्यांवर चौकोनी ठिगळं उमटतात. म्हणून मूळ प्रत एफएफव्ही१ मध्ये, एमकेव्ही लिफाफ्यात ठेवावी, असं माझं ठाम मत आहे. हा कोडेक चित्रातलं काहीही टाकून देत नाही, खुला आहे, २०२१ मध्ये त्याचा तांत्रिक तपशील आरएफसी ९०४३ या जाहीर दस्तऐवजात प्रसिद्ध झाला, आणि अभिलेखागारंही तो वापरतात. तासाला ३० जीबीच्या आसपास जागा लागते. लागू द्या. टेप दरवर्षी झिजतेय, हार्ड डिस्क पुन्हा विकत घेता येते. चित्र इंटरलेस्ड असेल, म्हणजे सम आणि विषम ओळी आलटून पालटून येत असतील, तर मूळ प्रतीत ते तसंच राहू द्या. पाल या आपल्याकडच्या जुन्या टीव्ही पद्धतीत सेकंदाला अशी ५० अर्धी चित्रं असतात. घाईत २५ पूर्ण चित्रं करून टाकली तर हालचालीतला निम्मा ओघ जातो.

मिनीडीव्ही या कॅमकॉर्डरच्या छोट्या कॅसेटींचं उलट आहे. त्या टेपवर चित्र आधीच डिजिटल, डीव्ही कोडेकमध्येच असतं. फायरवायर केबलनं ते संगणकावर जसंच्या तसं उतरवून घ्या. ते एफएफव्ही१ मध्ये घातलं तर फाइल फुगते, चित्र सुधारत नाही.

नातेवाइकांना पाठवायला मूळ प्रतीवरून एच.२६४ ची एमपी४ काढा. ती फोनवर, टीव्हीवर, सगळीकडे चालते. एच.२६५ या त्यापुढच्या कोडेकची फाइल आणखी लहान होते, पण जुन्या उपकरणांवर अडते.

कॅसेटी दुसऱ्या कुणाकडून करून घेणार असाल, तर "एमपी४ मिळेल ना?" असं विचारू नका. कोडेक कोणता, बिटरेट किती आणि इंटरलेस्ड चित्राचं काय करता, हे विचारा. फाइल हाती आली की ती मीडियाइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. तिथं लिफाफा आणि कोडेक वेगवेगळे लिहिलेले दिसतात. ते पाहिल्याशिवाय टेप टाकून देऊ नका.