रेडिएटरच्या झाकणातल्या दोन झडपा

इंजिन गरम झालं की कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, साधारण 90 ते 105 अंश सेल्सिअसवर फिरत असतं. सिलिंडर हेडच्या, म्हणजे सिलिंडरवर बसणाऱ्या धातूच्या भागाच्या, आतल्या भिंतीपाशी तर त्याहून जास्त तापतं. तिथे वाफेचा थर धरला तर धातूची उष्णता कूलंटपर्यंत पोचत नाही. म्हणून उकळबिंदू वर ढकलायचा, आणि ते काम झाकण करतं.

झाकणावर 0.9 किंवा 1.1 असा आकडा असतो. बाहेरच्या हवेपेक्षा आत किती बार जादा दाब धरायचा, तो हा आकडा. 0.9 ला साधं पाणी सुमारे 118 अंशांवर उकळतं, निम्मं ग्लायकॉल (कूलंटमध्ये पाण्यात मिसळतात तो द्रव) असलेलं कूलंट 125 च्या आसपास. लेहसारख्या उंचीवर हवाच विरळ, त्यामुळे त्याच झाकणाखाली पाणी 112 लाच उकळेल.

याला कुकरची शिट्टी म्हणतात, पण ते अर्धंच खरं. कुकरमध्ये दाब वाफेचा असतो. इथे इंजिन धडधाकट असेल तर वाफ नसतेच. तापून फुगलेलं कूलंट स्प्रिंगची झडप उचलतं आणि नळीतून बाजूच्या बाटलीत जातं. इंजिन निवलं की कूलंट आकसतं, आत निर्वात होतो आणि झाकणाच्या मधली छोटी झडप उघडून बाटलीतलं कूलंट परत ओढलं जातं. ही दुसरी झडप कुणी तपासत नाही. ती चिकटली की सकाळी वरचा होज पाइप चपटा झालेला दिसतो.

स्प्रिंग सैल पडली किंवा रबरी वॉशर चिरला तर बाटली भरून वाहते आणि घाटात गाडी लवकर तापते. त्यावर 0.9 च्या जागी 1.1 चं झाकण लावणं हा उपाय नव्हे; जादा दाब जुन्या होजवर किंवा रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीच्या सांध्यावर निघतो.

गरम इंजिनाचं झाकण उघडू नये. 115 अंशांचं एक किलो पाणी अचानक मोकळं झालं, तर त्यातल्या सुमारे 28 ग्रॅमची वाफ होते आणि ती 45 लिटरहून जास्त जागा मागते. वरचा होज दाबून बघा. टणक लागला तर आत दाब आहे.

नवं झाकण लावूनही, थंड इंजिन सुरू करताच बाटलीत सतत बुडबुडे येत असतील, तर संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे सिलिंडर हेडखालच्या सीलवर, घ्यावा.