बिग बेंड म्हणजे नेमकं कुठलं बिग बेंड?

"काल तर हाच पास चालला! आणि सगळं सरकारचंच ना?" लाहितास गावच्या चौकीवर मामांनी मला विचारलं. पुण्याहून आलेल्या मामा-मामींना घेऊन आम्ही ह्यूस्टनहून नऊ-दहा तास गाडी चालवत पश्चिम टेक्सासात आलो होतो. आदल्या दिवशी बिग बेंड नॅशनल पार्क पाहिलं आणि आज बिग बेंड रँच स्टेट पार्कच्या दारात उभे होतो.

मामांचा गोंधळ अगदी साहजिक होता. आपल्याकडे बोरिवलीचं संजय गांधी उद्यान नावाने राष्ट्रीय, पण सांभाळतो महाराष्ट्राचा वनविभाग. अमेरिकेत नॅशनल पार्क केंद्राचं आणि स्टेट पार्क राज्याचं, त्यामुळे दोघांच्या तिजोऱ्या वेगळ्या. केंद्राचा वार्षिक पास राज्याच्या दारात चालत नाही. नॅशनल पार्कात पास नसेल तर गाडीमागे 30 डॉलर भरायचे, ते सात दिवस चालतात. स्टेट पार्कात मोठ्या माणसामागे दिवसाला 5 डॉलर. नदी तीच रिओ ग्रांडे, पलीकडे मेक्सिको तोच आणि वाळवंटही तेच चिवावाचं. नावातलं 'बेंड' म्हणजे या नदीचं मोठं वळण.

पण डोंगर बघायला निघाला असाल तर नॅशनल पार्कच. 1944 साली झालेल्या, सुमारे 3,200 चौरस किलोमीटरच्या या उद्यानात चिसोस ही अख्खी डोंगररांग हद्दीच्या आत आहे. नदीकाठ समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, तर एमरी शिखर 2,385 मीटरवर. खाली लेचुगिया या घायपातासारख्या झाडाची सुऱ्यांसारखी पानं पोटऱ्यांना टोचतात, ओकोटियो या वाळवंटी झुडपाच्या काटेरी काठ्या उभ्या असतात. गाडी चढायला लागली की तासाभरात ओक, पाइन, जुनिपर. वर-खाली तापमानात दहा-अकरा अंशांचा फरक सहज पडतो. मामींनी खाली काढून ठेवलेला स्वेटर वर परत मागितला. काळी अस्वलं इथून नाहीशी झाली होती, ती 1980च्या दशकात मेक्सिकोतून आपली आपण परत आली. म्हणून खाण्याची पिशवी बाहेर ठेवायची नाही. सांता एलेना घळीत नदीच्या दोन्ही बाजूंना साडेचारशे मीटर उंच चुनखडीच्या भिंती आहेत. त्यातली एक टेक्सासची, दुसरी मेक्सिकोची.

स्टेट पार्कातही बोफेसियोससारखे ज्वालामुखीचे डोंगर आहेत, पण चिसोससारखी दाट झाडी नाही. 1988 साली टेक्सासने गुरं पाळायची ही जुनी जमीन विकत घेतली, म्हणून नावात 'रँच'. आकार सुमारे 1,260 चौरस किलोमीटर, म्हणजे टेक्सासातलं सगळ्यात मोठं स्टेट पार्क, तरी गर्दी फारच कमी. सॉलिटारिओ इथेच आहे. खालून आलेल्या शिलारसाने जमीन फुगली, मग वरचा घुमट झिजून गेला आणि सुमारे 16 किलोमीटर रुंदीचं गोल कडं उरलं.

मुक्कामाचं बुकिंग करताना मात्र डोळे उघडे ठेवा. पहिल्या खेपेला मी नुसतं 'बिग बेंड' वाचून सॉसेडाची जागा घेतली होती. 'सकाळी चिसोस चढू,' असा बेत! सॉसेडा निघालं स्टेट पार्कच्या पोटात, 43 किलोमीटर कच्च्या रस्त्याच्या टोकाला. पेट्रोल तिथे मिळत नाही. आमची सेडान खाली घासत घासत कशीबशी पोचली, चिसोस त्या खेपेला राहिलंच. त्या रस्त्याला उंच गाडीच हवी.

वयस्कर माणसं सोबत असतील तर मी दोन दिवस नॅशनल पार्कला देईन आणि स्टेट पार्कचा फक्त नदीकाठचा रस्ता दाखवीन. लाहितास ते प्रेसिडिओ सुमारे 80 किलोमीटर, सगळा डांबरी. त्यावरून नुसतं जायला पैसे पडत नाहीत, गाडी लावून पायवाटेला लागलात की पडतात. आम्ही ते भरले आणि क्लोज्ड कॅन्यन या अरुंद घळीत शिरलो. मामांनी दोन्ही हात पसरून दोन्ही भिंतींना लावायचा प्रयत्न केला, वीतभर कमी पडले. पुढे कातळाचे निसरडे उतार लागतात, दोराशिवाय उतरायचं काम नाही. नदी तिथून अगदी जवळ असते, पण दिसत मात्र नाही.