कावळा गायक आहे, कोकीळ नाही

उन्हाळ्यात सोलापुरात उजाडायच्या आधीच कडुलिंबावरून साद सुरू होते आणि घरात कुणीतरी म्हणतंच, "कोकिळा काय गोड गाते!" गातो तो नर, हे बऱ्याच जणांना आता माहीत आहे. पण पक्षिशास्त्राच्या वर्गवारीत कोकीळ 'गायक पक्षी' नाहीच आणि कावळा मात्र आहे, हे सांगितलं की लोक हसतात.

कोकिळेचं पिल्लू वाढतं कावळ्याच्या घरट्यात. दिवसभर कानांवर काव-काव, तरी मोठं झाल्यावर ते कुहूच करतं. ती साद उपजत असते. दयाळ, चंडोल, चिमणी, कावळा या गायक पक्ष्यांच्या गटाची गोष्ट वेगळी आहे. यांना आवाज ऐकून शिकावा लागतो. नुसतं दुसऱ्याचं ऐकूनही भागत नाही. पक्ष्यांच्या गाण्याचे अभ्यासक मासाकाझू कोनिशी यांनी 1965 मध्ये दाखवलं की गाणं ऐकलेल्या पिल्लाची ऐकण्याची शक्ती सरावाआधीच गेली, तर त्याचं गाणं बिघडतं. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू यावाच लागतो.

माणसाच्या बाळाचंही असंच आहे. म्हणून मूल उशिरा बोलत असेल तर वेखंड उगाळून चाटवत बसू नका. आधी कान तपासून घ्या. वेखंडाने वाचा येत नाही आणि हातचे मोलाचे महिने निघून जातात.

या शिकण्याचा सर्वांत जास्त अभ्यास झाला तो झेब्रा फिंचवर. हा पक्षी मूळचा ऑस्ट्रेलियाचा, पाळीव पक्ष्यांच्या दुकानात सहज दिसणारा. नर पिल्लू बापाचं गाणं ऐकतं, मग आठवडेच्या आठवडे बोबडं बडबडतं आणि साधारण 90 दिवसांचं होईतो त्याचं गाणं पक्कं होतं. बडबडीतला वेडावाकडेपणा मेंदूतल्या एलमॅन नावाच्या केंद्रातून येतो. ते केंद्र तात्पुरतं बंद केलं की पिल्लाचं गाणं एकदम एकसुरी होतं. म्हणजे चुका करून बघण्यासाठी मेंदूने वेगळी सोयच ठेवली आहे.

पण मला खरं वेड लावलं ते मेंदूतल्याच एचव्हीसी या केंद्राने. ते समजायला सोलापूरच्या पूर्व भागातला चादरीचा जॅकार्ड माग डोळ्यांसमोर आणा. वर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. एक पुठ्ठा आला की ठरावीक धागे उचलले जातात, धोटा जातो, पुढचा पुठ्ठा येतो. मोर किंवा फूल कुठल्याही एका पुठ्ठ्यावर नसतं, ते पुठ्ठ्यांच्या क्रमात असतं. 2002 मध्ये हानलोझर, कोझेव्हनिकोव्ह आणि फी या शास्त्रज्ञांनी गाणाऱ्या फिंचच्या एचव्हीसीतल्या एकेका पेशीचे विद्युतसंकेत टिपले. मेंदूतल्याच पुढच्या आरए नावाच्या केंद्राला जोडलेली प्रत्येक पेशी गाण्याच्या एका आवर्तनात फार तर एकदाच, सुमारे 6 मिलिसेकंद चमकते आणि गप्प होते. मग दुसरी, मग तिसरी. हे झाले पुठ्ठे. धागे उचलण्याचं काम आरएचं. तिथून निघालेले आदेश श्वासाच्या स्नायूंकडे आणि श्वासनळीच्या तळाशी असलेल्या ध्वनियंत्राकडे जातात.

माळेची गती कोण ठरवतं? लाँग आणि फी यांनी 2008 मध्ये एचव्हीसी थोडं थंड केलं. गाणं 45 टक्क्यांपर्यंत संथ झालं, पण सुरांची घडण जवळजवळ तशीच राहिली. आरए थंड केलं तेव्हा लयीत काहीच फरक पडला नाही. ताल एचव्हीसीच धरतं, हे इतक्या साध्या प्रयोगाने उलगडलं, याचा मला अजून आनंद होतो.

शिवाय 2000 मध्ये डेव्ह आणि मार्गोलियाश यांना झोपलेल्या फिंचच्या आरएमध्ये दिवसा गाताना दिसणारे तेच संकेत सापडले. चोच मिटलेली, आवाज नाही, माग बंद. आत पुठ्ठ्यांची माळ मात्र फिरत होती.