सफरचंद कुणी खाल्लं? : कुर्दिश आणि चिचेवा यांच्या बोली

‘मी पेरू खाल्ला’ आणि ‘मी पेरू खाल्ले’. पेरू एक होता की अनेक, हे आपल्याला क्रियापदावरून कळतं. कुर्दिश भाषेच्या तुर्कस्तानातल्या कुर्मांजी बोलीत हुबेहूब असंच होतं. ‘मिन सेव ख्वार’ म्हणजे मी एक सफरचंद खाल्लं, आणि ‘मिन सेव ख्वारिन’ म्हणजे अनेक खाल्ली. हा योगायोग नाही असं मला वाटतं, कारण कुर्दिश ही आपल्याच भारत-इराणी कुळातली भाषा.

आता इराकमधल्या सुलेमानियाला जा. तिथल्या सोरानी बोलीत ‘ते सफरचंद मी खाल्लं’ हे ‘सेवेकेम ख्वार्द’ असं होतं. खाणाऱ्याची खूण, तो इवलासा ‘म’, सफरचंदाच्याच शेपटाला चिकटते! कुर्मांजीनं जपलेला नामांचा लिंगभेद सोरानीत पुसला गेला आहे. लिपीही वेगळी : कुर्मांजी बहुतेक रोमन लिपीत लिहितात (जलादत बदिरखान यांनी 1932 मध्ये दमास्कसच्या ‘हावार’ मासिकातून ती रूढ केली), तर सोरानी अरबी वळणाच्या लिपीत. शाळेत फक्त एकच लिपी शिकलेल्या माणसाला दुसऱ्या बोलीतलं पत्र वाचताही येत नाही. तरीही दोघं स्वतःच्या भाषेला कुर्दिशच म्हणतात, आणि तो आग्रह मला अगदी रास्त वाटतो. तुर्कस्तानात 1983 ते 1991 या काळात कायद्यानंच ज्या भाषेची मुस्कटदाबी झाली, तिच्या लोकांना एका नावाचं मोल नेमकं ठाऊक असणार.

आफ्रिकेतल्या चिचेवाची गोष्ट उलटी : भाषा एकच, पण नावं दोन. मलावीत हेस्टिंग्ज बांडा यांच्या राजवटीत 1968 मध्ये ती राष्ट्रभाषा झाली, आणि ‘चिन्यांजा’ हे जुनं नाव मागे पडून ‘चिचेवा’ आलं. ‘न्यांजा’ म्हणजे सरोवर, ‘चेवा’ हे जमातीचं नाव, आणि ‘चि’ हा भाषांच्या नावाला लागणारा उपसर्ग. झांबिया आणि मोझांबिकमध्ये मात्र जुनंच नाव टिकलं. बोलींमधला फरक असतो तो बराचसा अशा उपसर्गांत. माणसं म्हणजे मलावीत ‘आन्थु’, झांबियाची राजधानी लुसाकाच्या रस्त्यावर ‘बान्तु’. लुसाकाच्या न्यांजात बेंबा, न्सेंगा या शेजारभाषांतले आणि इंग्रजी शब्द सर्रास मिसळतात. मलावीची राजधानी लिलाँग्वेहून आलेला माणूस अशा शब्दांशी थोडा अडखळेल, पण ‘मुली ब्वांजी?’ म्हणजे ‘कसे आहात?’ हे तिथंही तसंच विचारतात.